खाचेची शेवंड

टिबेट्स कोव्ह, मेन
८ सप्टेंबर

ब्रिटा,

फोन तू उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून कागद. तुमच्या बॉस्टनच्या ऑफिसात हाताने लिहिलेली पत्रं येत नसतील. निदान नवल म्हणून तरी उघडशील.

काम एकच आहे. गुरुवारी आपल्या कंपनीच्या पानावर आलेला बाबांचा व्हिडिओ काढून टाक, आणि ऑगस्टातल्या त्या सकाळचं न कापलेलं सगळं चित्रण मला पाठव.

कुणीतरी कापताना घोळ घातलाय. तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलांनी शेवंड ताटाबाहेर कधी पाहिली नसेल, त्यांचा दोष नाही. पण तू बोटीवर होतीस. बाबांनी सापळा ओढला आणि ती मोठी मादी निघाली. उजव्या नांगीवर गंजासारखा नारिंगी डाग, नांगीचं टोक कधीतरी तुटून पुन्हा भरून आलेलं. बाबांनी तिला उलटी करून शेपटीच्या पाकळीतली खाच तुला दाखवली. "कुणाच्या तरी सापळ्यात ही गाभोळीसकट आली होती, त्यानं खाच पाडून सोडली. आता ही कुणाचीच नाही." मग तुझ्या कॅमेऱ्यासमोर तिला धरून ते हसले आणि पाण्यात फेकली. तू ओरडलीस, "अहो, एवढी मोठी!" आठवतंय?

व्हिडिओत ते फेकणं नाही. बाबा हसतात, आणि पुढच्याच क्षणी त्यांचे हात एक शेवंड खोक्यात ठेवतात. ती दुसरी आहे, पण हातमोजे तेच, बोट तीच. आणि खाच इतकी स्वच्छ दिसते की इथलं शाळकरी पोरही बोट ठेवील. खाचेची मादी ठेवून घेणं हा इथे गुन्हा आहे, त्यात परवाना जातो, हे तुला मी काय सांगू? त्याच सकाळी तू स्वतः एकीला खाच पाडलीस, चिमटा हातात धरून, डोळे गच्च मिटून. बाबा म्हणाले होते, "डोळे उघड पोरी, तिला दुखत नाही. आणि तुला बोटं हवी आहेत ना?"

त्याखालचा मजकूर कुणी लिहिला? 'माझे बाबा म्हणतात, सगळ्यांत मोठी नेहमी तुमच्यासाठी राखून ठेवतो.' खाली माझं नाव. बाबा असं म्हणाले नाहीत आणि मी असं लिहिलं नाही. त्या पानावर रोज मी लिहिते हे इथे सगळ्यांना माहीत आहे. चुकून पडलं असेल. पण लवकर काढ.

बाबा ठीक आहेत. आई विचारतेय, सापळ्याची जाळी विणायची लक्षात आहे का विसरलीस?

कोरिन


१७ सप्टेंबर

ब्रिटा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. त्या इथे उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलंय ते तुला एकदा माझ्या अक्षरात दिसेल.

'अगं, लोकांना तो क्षण किती आवडलाय बघ तरी! फेकणं मीच काढलं. सगळ्यांत छान शेवंड समुद्रात परत का टाकली ते ओहायोतल्या बाईला कळणार नाही, ती गोंधळते आणि पुढे जाते. मजकूर तुझ्याच शैलीत लिहिला, कौतुक कर! एवढं मनावर नको घेऊस, संत कोरिन.'

म्हणजे घोळ नव्हता. मी आठवडाभर ऑफिसातल्या अनोळखी मुलांवर रागावत होते. त्यांची क्षमा मागितली पाहिजे.

संत कोरिन हे नाव तू मला कॉलेजात दिलंस. शेवटच्या वर्षी मी वर्गात म्हटलं होतं की विकायचं असेल तर खरं सांगा, खरं पुरेसं असतं. सगळे हसले. तू हसली नाहीस. बाहेर येऊन म्हणालीस, "तू बोलतेस तेव्हा मलाही तसं व्हावंसं वाटतं." त्या एका वाक्यावर मी तुझ्यामागे या शेवंड घरपोच विकणाऱ्या कंपनीत आले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबांनी माझी पदवी चौकटीत घालून त्यांच्या मासेमारीच्या परवान्याशेजारी लावली, आणि आईला म्हणाले, "दोन्ही परवाने एका भिंतीवर." त्या पदवीचा वापर करून मी इथल्या घराघरांत गेले. मर्ल पिंकहॅमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं की थेट लोकांच्या दारात माल जाईल, दलाल नको, आणि त्या पानावर खोटं काही येणार नाही, कारण लिहिणार मी आहे.

मर्लकाका आणि बाबा शाळेपासूनचे दोस्त, आणि तेवढेच जुने वैरी. सापळे कुणी कुठे टाकले यावरून भांडतात, आणि एकमेकांच्या इंजिनाखाली आडवे पडून दुरुस्तीही करतात. काल आमिषाच्या गोदामात मी खारवलेली मासळी भरत होते. मर्लकाका आले.

"काय गं कॉलेजवाली, आज कुठली राखून ठेवलीस?"

"मर्लकाका, बाबांनी ती परत टाकली. मी तिथे होते."

"मी पण होतो. माझ्या खुर्चीत. तीनदा पाहिलं."

"व्हिडिओ कापलाय."

"कुणी?"

"माझ्या मैत्रिणीनं."

"आणि खाली लिहिलं कुणी?"

"तिनंच."

"तुझ्या नावानं?" मी मान हलवली. त्यांनी मासळीच्या पिंपाचं झाकण लावलं. "तुझ्याच शब्दावर मी सही केली होती, पोरी. आता तुझा शब्द कुठला आणि तिचा कुठला, हे मी कसं ओळखायचं?"

उत्तर मी अजून शोधतेय. तुला सुचलं तर कळव.

आमच्या बोयांवर गाठी पडल्यात. हे मागच्या पत्रात लिहायचं टाळलं होतं. सापळ्याच्या दोराला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेले आमचे बोये पिवळे, मध्ये हिरवा पट्टा. इथे प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि दुसऱ्याच्या बोयाला कुणी हात लावत नाही. परवा बाबांनी एक बोया उचलला तर त्याच्या दांड्याला अर्धी गाठ मारलेली. मग दुसऱ्याला. तिसऱ्याला. म्हणजे इशारा: आम्ही बघतोय, यापुढे दोर कापू. बाबांनी एकेक गाठ सोडली आणि सापळे ओढत राहिले.

सागरी निरीक्षकही येऊन गेला. सभ्य माणूस आहे. म्हणाला, "एव्हरेट, मला विचारावं लागतं." बाबा म्हणाले, "विचार की." व्हिडिओवरून गुन्हा सिद्ध होत नाही, पण तो बघतोय. परवाना गेला तर बाबांकडे दुसरं काही नाही. आणि परवाना राहून नाव गेलं, तर ते परवान्याचं करणार काय?

त्या संध्याकाळी बाबांनी मला एकच प्रश्न विचारला. "ते तू लिहिलंस?"

"नाही."

"नाव तर तुझंच आहे."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

चित्रण पाठव, ब्रिटा. दुसरं काही मागत नाही.

कोरिन


३ ऑक्टोबर

ब्रिटा,

मी राजीनामा दिलाय हे तुला ऑफिसातून कळलं असेल. पानावरून माझं नाव काढा असं लिहिलं होतं. तुमच्या वकिलाचं उत्तर आलं: पान कंपनीचं आहे, नावासकट; मी सही केलेल्या करारात तसं आहे. त्या करारावर मी तुझ्या शेजारी बसून, तुझ्याच पेनानं सही केली. तू म्हणाली होतीस, "नेहमीचा मजकूर आहे गं, वाचत बसू नकोस, पिझ्झा गार होतोय."

दोर कापायला सुरुवात झाली आहे. सकाळी जायचं आणि जिथे बोया हवा तिथे नुसतं पाणी. खाली सापळा तसाच पडलेला, वर यायला वाट नाही. रॉनी, बाबांचा बोटीवरचा माणूस, दुसऱ्या बोटीवर गेला. जाताना रडला बिचारा. "एव्हरेट, माझी बायको इथेच दुकानात काम करते, तिला रोज टोमणे." बाबांनीच त्याची समजूत काढली. आता त्याच्या जागी मी आहे. नांग्यांना रबर लावते, आमिष भरते, पितळी मापानं शेवंडांची पाठ मोजते. हात सुजलेत, अक्षर बघतेसच.

शनिवारी सभागृहात घेवड्याचं जेवण होतं. तू एकदा आली होतीस, तीन वाट्या खाल्ल्या होत्यास आणि आईच्या मडक्याचा फोटो काढला होतास. प्रत्येक घराचं मडकं ओळीनं मांडतात, लोक हिंडत वाढून घेतात. आईचं मडकं नेहमी पहिलं रिकामं होतं. या वेळी ते भरलेलं परत आलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळ्यांनी विचारलं, "कशी आहेस ग्लेनिस?" आणि पळीला हात न लावता पुढे गेले. घरी आल्यावर आईनं ते मडकं ओट्यावर ठेवलं, आम्ही तिघं चार दिवस तेच खात होतो. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "या वेळी गूळ बरा पडलाय." आई हसली, मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

एका थँक्सगिव्हिंगला तुझे आईवडील परदेशी होते म्हणून तू आमच्याकडे राहिलीस. आईनं तुला जाळी विणायला शिकवलं. तू इतकी घट्ट विणायचीस की बाबा म्हणाले, "या सापळ्यात शेवंड शिरायला आधी अर्ज करावा लागेल." ती वेडीवाकडी जाळी बाबांनी खरंच एका सापळ्याला लावली. 'ब्रिटाचा सापळा' म्हणायचे. त्यात कधी काही आलं नाही, तरी दर वर्षी टाकायचे.

कापलेल्यांत तोही गेला.

मला एवढंच समजून घ्यायचंय. तुला तेव्हा आमच्या टेबलावर खरंच बरं वाटत होतं, की तू तेव्हाही कॅमेऱ्याची चौकट बघत होतीस?

कोरिन


१५ ऑक्टोबर

ब्रिटा,

तर चित्रण आहे. जपून ठेवलंय. आणि मिळेलही, एका अटीवर.

तुझा प्रस्ताव आईबाबांना जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. कंपनी न कापलेलं चित्रण एका नव्या फिल्ममध्ये दाखवणार. फिल्मसाठी बाबांनी धक्क्यावर बसून बोलायचं: त्रास किती झाला, आणि शेवटी, माफ केलं. मग बोटीवर जाऊन एक मादी पुन्हा समुद्रात सोडायची, संध्याकाळच्या उजेडात, कारण पहिल्या वेळी उजेड सपाट होता. 'एव्हरेटना भरून आलं तरी थांबवू नकोस, उलट तेच हवंय. लोकांना आता खरेपणाच हवा असतो.' हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण बाबा म्हणाले, "परत वाच."

मग ते म्हणाले, "मी ती एकदा सोडली. तिच्यासाठी सोडली. आता उजेडासाठी सोडू?"

मी म्हटलं, "बाबा, पण त्यात पुरावा आहे. सगळ्यांना दिसेल."

"मर्ल मला पहिलीपासून ओळखतो. त्याला सिनेमा दाखवून पटवायचं?"

"त्यांना सिनेमा बघूनच तर संशय आला!"

"हं," बाबा म्हणाले, आणि बटाटा सोलायला लागले. "म्हणूनच."

मी भांडले, ब्रिटा. तुझ्या बाजूनं भांडले. ताठपणानं घर चालत नाही म्हटलं, आईकडे बघा म्हटलं. आई म्हणाली, "माझ्याकडे कशाला बघायचं? मला काही तुझ्या मैत्रिणीच्या पिक्चरमध्ये काम करायचं नाहीये."

सहीचा कागद परत पाठवते आहे, कोरा.

माझ्या बापाची निर्दोष सकाळ तुझ्याकडे आहे. ती तू काढून घेतलीस, आणि आता तीच मला विकायला आणलीस. यापेक्षा तू ते चित्रण पुसून टाकलंय म्हणाली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

कोरिन


६ नोव्हेंबर

ब्रिटा,

तुला कुणी सांगितलं माहीत नाही. तुझा निरोप आम्ही बंदरावर उतरायच्या आत आला होता. 'ऐकलं ते खरं का? रेडिओचं रेकॉर्डिंग मिळेल का कुणाकडे? हे सोनं आहे, कोर!' त्यात तुझा आनंद दिसत होता, माझ्यासाठीच असावा असा. एक क्षण मी फसलेसुद्धा.

रेकॉर्डिंग नाही. फोटो नाही. म्हणूनच तुला निर्धास्तपणे सांगते. हे फक्त माझ्या शब्दावर आहे, आणि माझ्या शब्दाची किंमत तूच ठरवली आहेस.

मागच्या आठवड्यात सोमवारी थंडी होती, वारा पडलेला. आम्ही उरलेले सापळे ओढत होतो. बोटीवरचा रेडिओ नेहमीच्या चॅनेलवर, बंदरातल्या सगळ्या बोटी ज्यावर असतात त्यावर. कितीतरी आठवडे आमच्याशी त्यावर कुणी बोललेलं नव्हतं.

"एव्हरेट." मर्लकाकांचा आवाज.

बाबा दोर ओढत राहिले.

"एव्हरेट, ऐकतोयस मला माहितीय, तुझी बोट दिसतेय मला इथून. उत्तर नको देऊस. आणि बाकीच्यांनी पण ऐका, उगाच तोंडं बंद करून बसू नका. माझ्या हातात एक मादी आहे. उजव्या नांगीवर गंज. टोक तुटून भरलेलं. शेपटीला खाच. त्या भिकार सिनेमात मी हिला बायकोपेक्षा जास्त वेळा निरखून पाहिलंय. हीच ती."

कुणीतरी, बहुतेक रॉनीच, म्हणालं, "नक्की का मर्ल?"

"मग काय, डोळे तुझ्याकडून उसने आणलेत का मी? हीच आहे. जिवंत आहे, आणि आत्ता माझा अंगठा तोडायला बघतेय. खोक्यात गेलेली शेवंड माझ्या सापळ्यात येत नसते."

बाबांनी दोर सोडला. रेडिओजवळ गेले, बोलायचं बटण दाबलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. सगळं बंदर थांबलं होतं.

"गाभोळी आहे?" बाबांनी विचारलं.

"भरलीय."

"मग खाच ताजी कर. बुजत आली असेल."

"केली," मर्लकाका म्हणाले. "सोडतोय."

एवढंच. बाबांनी बटण सोडलं आणि पुढचा बोया उचलला. मी आमिषाच्या पिंपावर डोकं टेकून रडले, अंगाला मासळीचा वास लागला तसाच घेऊन. बाबा म्हणाले, "रबरं लाव, पोरी, त्या एकमेकींना खातील."

दुसऱ्या दिवशी बोयांवर गाठ नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सापळे रचून ठेवलेले होते. जुने, पण धड, दोरांसकट. कुणी ठेवले ते कुणी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. शनिवारी आईचं मडकं पहिलं रिकामं झालं. तिनं घरी येऊन ते दोनदा घासलं.

क्षमा कुणी मागितली नाही. मर्लकाकांनी धक्क्यावर बाबांच्या हातात आपल्या थर्मासमधली कॉफी दिली. बाबा एक घोट घेऊन म्हणाले, "काय घाणेरडी करतोस रे." मर्लकाका म्हणाले, "मग पिऊ नकोस." बाबांनी सगळी प्यायली.

हे तू दाखवू शकली नसतीस. उजेड सपाट होता.

कोरिन


३० नोव्हेंबर

ब्रिटा,

तुला पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुझं पान अजून मी लिहिते आहे. म्हणजे ती लिहिते, जिला तुम्ही माझ्या नावानं लिहायला ठेवलीय. तिच्याकडे माझे जुने फोटो आहेत, माझी शब्द जोडायची सवय आहे. ती बाबांना बाबा म्हणते. परवा तिनं आईच्या घेवड्याची कृती दिली, आणि ती चुकीची आहे. इथे तिला 'तुझी जुळी' म्हणतात. दुकानात विचारतात, "काय म्हणाली गं आज तुझी जुळी?" थट्टाच असते, पण विचारणारा आधी एक क्षण माझा चेहरा निरखतो. बाबांचं नाव परत आलं. माझं अजून तुमच्याकडे आहे. नवीन कुणाशी बोलले की समोरचा माझं वाक्य जरा तोलून बघतो, आणि मला त्याचा राग येत नाही, कारण मीही आता तेच करते. आई जुनं काही सांगायला लागली तरी मनात येतं, खरंच असं झालं होतं का? हे मला पूर्वी येत नव्हतं. हे तुझ्याकडून शिकले.

आज पहाटेपासून वादळ आहे. बंदरातली एकही बोट सुटलेली नाही. सगळे आमिषाच्या गोदामात शेगडीभोवती बसले होते, मी आणि बाबाही. मर्लकाकांनी फोन काढला, चष्मा लावला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं, "'सुप्रभात! बाबा आणि मी समुद्रावर निघालोय. पाणी आरशासारखं आहे.'"

बाहेर छपराचे पत्रे वाजत होते.

"एव्हरेट," मर्लकाका म्हणाले, "तुझी पोरगी बाहेर गेलीय रे. असल्या वाऱ्यात. शोधायला जायचं का?"

सगळे हसले. बाबा पण हसले, मग माझ्याकडे बघून थांबले.

तिला किनाऱ्याला आण, ब्रिटा.

कोरिन थॅक्स्टर